अकरा गाणी, अकरा बाज, एकच गळा: कव्हर अल्बम ऐकायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आलाय: अमेरिकन गायिका ऱ्हिआनन गिडन्सचा 'टुमॉरो इज माय टर्न' दोन-तीनदा ऐकला, आवाज जबरदस्त आहे, पण एक गाणं ब्लूज, पुढचं कंट्री, मग मजुरांचं गाणं, मग गॉस्पेल म्हणजे चर्चमधलं भक्तीचं गाणं, मधेच एक मुळात फ्रेंच असलेलं, आणि अकरापैकी दहा गाणी दुसऱ्यांची, म्हणजे कव्हर. मग याला अल्बम म्हणायचं की चांगल्या गळ्याचा ऑर्केस्ट्रा? आणि या सगळ्यात तिचं स्वतःचं असं काय?

मी गाणं शिकवते, आणि स्टुडिओत गायकांबरोबर बसून पट्टी कुठली घ्यायची, शब्द कसा टाकायचा, साथ किती ठेवायची हे ठरवायचं काम करते, त्यामुळे माझं ऐकणं त्या अंगाने जातं आणि हे उत्तर पण त्याच अंगाने जाईल. अमेरिकन फोक आणि जुना ब्लूज ही माझी रोजची शिदोरी आहे आणि हा अल्बम मी विद्यार्थ्यांना सारखा ऐकवते, कारण तयार गळ्याने कुठे थांबायचं असतं याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं पटकन सापडत नाही.

तर आधी मुद्द्याचं. तिचं स्वतःचं काय, तर कुठली गाणी निवडली आणि ती गाताना काय काय करायचं टाळलं, हे तिचं. आवाज आपल्याला लगेच ऐकू येतो, टाळलेल्या गोष्टी ऐकू यायला मात्र मूळ गाणं माहीत असावं लागतं, आणि म्हणूनच पहिल्या दोन-तीन वेळा हा अल्बम नुसता सुंदर आवाजाचा वाटतो.

ती कोण हे थोडं सांगते कारण त्याशिवाय पुढचं लागणार नाही. नॉर्थ कॅरोलिनामधल्या ग्रीन्सबरोची, जन्म 1977 चा. ओबरलिन कॉन्झर्व्हेटरीत ऑपेरा शिकली. म्हणजे मोठ्या हॉलमध्ये माईकशिवाय, अख्ख्या वाद्यवृंदावरून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचं शिक्षण. तिथून घरी परतल्यावर ती बँजो आणि फिडलकडे (लोकसंगीतातल्या व्हायोलिनकडे) वळली, 2005 मध्ये बून गावात कृष्णवर्णीय बँजोवादकांचा एक मेळावा भरला होता तिथे तिला डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन भेटले, आणि तिघं मिळून मेबेन गावच्या जो थॉम्पसन नावाच्या म्हाताऱ्या फिडलवादकाकडे जाऊन बसायला लागले, त्यांच्याकडून वाजवता वाजवता शिकायला लागले. थॉम्पसन तेव्हा ऐंशीच्या पुढे होते, त्या भागातल्या कृष्णवर्णीय स्ट्रिंग बँडच्या, म्हणजे तंतुवाद्यांच्या ताफ्यांच्या, परंपरेतले अगदी शेवटच्या काही लोकांपैकी. त्यातून कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स हा बँड उभा राहिला आणि त्यांच्या 2010 च्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. त्याच अल्बमवर त्यांनी ब्लू कँट्रेलचं 2001 चं एक आर अँड बी हिट गाणं फिडल-बँजोवर करून टाकलं होतं आणि ऐकणाऱ्याला वाटावं की हे गाणं शंभर वर्षं डोंगरात गायलं जातंय. म्हणजे दुसऱ्याचं गाणं घेऊन त्याचा पत्ता बदलायची कला तिच्याकडे आधीपासूनच होती, एकटीच्या अल्बमवर ती पहिल्यांदा कव्हरकडे वळली असं नाही.

मग 2013 चा सप्टेंबर, न्यूयॉर्कचं टाउन हॉल. निर्माता टी बोन बर्नेटने फोक संगीताची एक मोठी मैफल जुळवली होती, नावाजलेले पुष्कळ कलाकार, आणि त्यात हिने 'वॉटरबॉय' गायलं आणि लोक उभे राहिले. त्यानंतर बर्नेटने तिचा सोलो अल्बम करायचं ठरवलं, आणि तिच्याकडे बँडमध्ये न बसणाऱ्या पण मनात धरून ठेवलेल्या गाण्यांची यादी होतीच. फेब्रुवारी 2015 मध्ये नॉनसच या रेकॉर्ड कंपनीने अल्बम काढला, पुढच्या वर्षी ग्रॅमीच्या फोक अल्बमच्या यादीत नामांकनही आलं.

आता यादी बघा. गीशी वायली, डॉली पार्टन, ओडेटा, पॅट्सी क्लाइन, सिस्टर रोझेटा थार्प, नीना सिमोन, एलिझाबेथ कॉटन, जीन रिची. बाज सगळे वेगळे पण प्रत्येक गाण्यामागे एक बाई उभी आहे. काही गोऱ्या, काही काळ्या, काही अतिशय प्रसिद्ध आणि एक तर अशी की तिचा खात्रीचा फोटोसुद्धा आपल्याकडे नाही. हा धागा एकदा हाताला लागला की 'सगळं वेगवेगळं आहे' ही तक्रार उरत नाही.

आणि बाज वेगळे असण्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. ब्लूज वेगळा, कंट्री वेगळं ही जी खानेसुमारी आपण आज जन्मजात धरून चालतो ती बऱ्याच अंशी रेकॉर्ड कंपन्यांनी केलेली आहे. 1920 नंतर कंपन्यांना लक्षात आलं की कृष्णवर्णीय गिऱ्हाईक रेकॉर्ड विकत घेतं, मग त्यांच्यासाठी 'रेस रेकॉर्ड्स' नावाचा वेगळा कॅटलॉग निघाला आणि दक्षिणेतल्या गोऱ्या ग्रामीण लोकांसाठी 'हिलबिली' नावाचा दुसरा. गावात मात्र तेच फिडल आणि तोच बँजो दोन्हीकडे वाजत होता, आणि बँजो तर मुळात आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांबरोबर आलेलं वाद्य. बिलबोर्ड या संगीत-व्यवसायाच्या मासिकाने 1949 मध्ये 'रेस' हा शब्द काढून 'रिदम अँड ब्लूज' केलं, पण कप्पे तसेच राहिले. कृष्णवर्णीय बँजोवादक बाई कंट्रीचं गाणं गायली की लोक आजही भुवया उंचावतात. म्हणून हिने पॅट्सी क्लाइन आणि गीशी वायली एका अल्बमवर, दोन गाण्यांच्या अंतरावर ठेवणं ही माझ्या मते अल्बममधली सगळ्यात बोलकी गोष्ट आहे. तुम्हाला जे विस्कळीत वाटलं तेच तिचं म्हणणं आहे, ही सगळी गाणी एकाच घरातली आहेत आणि भिंती नंतर घातल्यात.

आता गाण्यांकडे. सगळ्या अकरांवर लिहीत नाही, ज्यात शिकण्यासारखं जास्त आहे त्यांच्यावर थांबते.

पहिलंच गाणं 'लास्ट काइंड वर्ड्स'. मूळ गीशी वायलीचं, 1930 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला ध्वनिमुद्रित झालेलं. पॅरामाउंट ही कंपनी, आणि तिचा मूळ धंदा फर्निचरचा! खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची रेकॉर्ड शाखा होती ती. वायलीबद्दल आपल्याला फार थोडं माहीत आहे, एल्व्ही थॉमस या दुसऱ्या गायिकेबरोबर मिळून मोजून सहा गाणी आज उपलब्ध आहेत आणि त्या मूळ रेकॉर्डच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच प्रती उरल्यात, त्यामुळे जे ऐकू येतं ते सगळं खरखरीमधून. गाण्यात बाप युद्धावर जाण्याआधीचं शेवटचं बोलणं सांगतो, पहिल्या महायुद्धाचा संदर्भ आहे, म्हणतो मी मेलो तर मला पुरू नका, असाच टाकून द्या, गिधाडांना खाऊ द्या. इतकं भयंकर बोलणं आणि वायली ते कसं गाते, तर निरोप सांगावा तसं. आवाज सपाट, कुठेही रडवेपणा नाही, खाली गिटार एका लयीत चालत राहते. अंगावर काटा येतो तो त्या सपाटपणाने.

ऑपेरा शिकलेल्या गायिकेच्या हातात हे गाणं पडलं की धोका कुठे असतो ते सांगते. गळ्यात ताकद आहे, तीन सप्तकं फिरायची सवय आहे, आणि समोर 'गिधाडं' हा शब्द आहे. हात शिवशिवतात. माझे चांगले चांगले विद्यार्थी इथे आवाज मोठा करतात, कंप वाढवतात, शब्दाला पिळतात. ऱ्हिआनन ते करत नाही. तिचा सूर सरळ राहतो, कंप अगदी सुराच्या शेवटी, तो पण जेमतेम, आणि स्वर बोलण्यातल्यासारखे ठेवलेत, ऑपेरात करतात तसे गोल केलेले नाहीत. साथ मूळच्या दोन गिटारींपेक्षा भरलेली आहे, रेकॉर्डिंग आजचं स्वच्छ आहे, म्हणजे खरखरीचं वातावरण तिला आयतं मिळणार नाही, तरी ती त्याची भरपाई गळ्याने करायला जात नाही. शेवटाकडे नदीच्या पलीकडच्या काठावर आपलं माणूस दिसतंय अशी ओळ येते, तिथे आवाज किंचित उघडतो. इतकंच. अख्ख्या गाण्यात राखून ठेवलेला दमसास तिथे खर्च होतो आणि म्हणून तो लागतो.

एक व्यायाम सुचवते. ही ओळ दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये पाठोपाठ ऐका, हेडफोन लावून, आणि फक्त श्वास कुठे घेतला ते बघा. वायली वाक्याच्या मधेच श्वास घेते कारण ती बोलतेय, ऱ्हिआननचं शिक्षण असं की तिला श्वास लागतच नाही, तरी ती ओळ लांबवत नाही. हे एकदा ऐकू आलं की पुढचा सगळा अल्बम वेगळा ऐकू यायला लागतो.

याच्या अगदी उलट टोकाला 'वॉटरबॉय'. हे श्रमाचं गाणं, हातोड्याने दगड फोडणारा माणूस पाणी आणणाऱ्या पोऱ्याला हाक मारतो. पॉल रोबसनसारख्यांनी ते मैफलीत नेलं, पण ऱ्हिआननचं गाणं ओडेटाच्या वाटेने जातं. ओडेटा अलाबामात 1930 मध्ये जन्मलेली, आणि तीसुद्धा शास्त्रशुद्ध ऑपेराच्या अंगाने शिकलेली, हे लक्षात ठेवा. ओडेटाने काय केलं, तर ओळीच्या मधे हातोडा पडतो तिथे पोटातून एक हुंकार काढला, दम सुटल्याचा आवाज. गाण्यात तो सुरापेक्षा मोठा होऊन बसला. आता कव्हर करणाऱ्या बाईपुढे दोनच रस्ते, तो हुंकार टाळायचा किंवा घ्यायचा. टाळला तर गाण्याचा कणा गेला, घेतला तर नक्कल म्हणणार. हिने घेतला, जसाच्या तसा, आणि इथे मात्र पूर्ण आवाज लावला, सगळी ऑपेरा बाहेर काढली. पहिली हाक ऐका. 'वॉटरबॉय' हा शब्द ती मैदानाच्या दुसऱ्या टोकाला फेकते. पहिल्या गाण्यात मुठीत धरलेला आवाज इथे सोडलाय, कारण या गाण्यातला माणूस खरोखर लांबवर हाक मारतोय. म्हणजे आवाज कधी काढायचा हे गाण्यातली परिस्थिती ठरवते, गळ्याची हौस ठरवत नाही. ज्यांना ओडेटा माहीत नाही त्यांना हे गाणं ऱ्हिआननचं वाटेल, ज्यांना माहीत आहे त्यांना यात एका गायिकेने दुसरीला केलेला नमस्कार ऐकू येईल, आणि दोघंही बरोबर आहेत.

या दोन गाण्यांच्या मधे डॉली पार्टनचं 'डोन्ट लेट इट ट्रबल युवर माइंड' आहे, डॉलीच्या सुरुवातीच्या काळातलं. ज्याचं मन उडालंय त्याला बाई सांगते, जायचं तर जा, माझी काळजी नको, प्रेम नसलेल्या माणसाबरोबर राहण्यापेक्षा एकटी बरी. डॉलीचं मोठेपण गाण्यातल्या साध्या शब्दांत आहे आणि ऱ्हिआनन ते साधंच ठेवते. लोक डॉलीची गाणी लिहिणारी बाजू विसरतात, पहिल्या दोन-तीन गाण्यांतच डॉलीला स्थान दिलंय हे मला फार आवडतं.

'शीज गॉट यू' हे हँक कॉक्रनने लिहिलेलं आणि 1962 मध्ये पॅट्सी क्लाइनने अजरामर केलेलं. त्याची रचना फार हुशार आहे, माझ्याकडे तुझा फोटो आहे, तुझ्या रेकॉर्ड्स आहेत, तुझी अंगठी आहे, सगळं जिथल्या तिथे आहे, फक्त तिच्याकडे तू आहेस. पॅट्सीच्या आवाजात शब्दाच्या टोकाला एक मोड येते, हुंदका दाबल्यासारखी, ती तिची सही आहे. हे गाणं गाणारी जवळजवळ प्रत्येक गायिका तीच मोड घेते आणि तिथेच फसते. ऱ्हिआननने गाणं सोल या कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या अंगाने वळवलंय, कंट्रीचं माहेर असलेल्या नॅशव्हिलच्या त्या गुळगुळीत साथीतून बाहेर काढून जरा दक्षिणेला मेम्फिसकडे नेलंय म्हणा, आणि त्यामुळे दुःखाची जागा थोड्या रागाने घेतली. वस्तूंची यादी इथे तक्रारीसारखी ऐकू येते. शब्द एकही न बदलता गाण्यातली बाई बदलली.

'अप अबव्ह माय हेड' बद्दल मी जरा नाखूश आहे. रोझेटा थार्पने हे मरी नाइटबरोबर चाळीसच्या दशकात केलं, सवाल-जवाबाचं गॉस्पेल. थार्प म्हणजे चर्चची बाई, पण हातात इलेक्ट्रिक गिटार, आणि पुढे ज्याला रॉक अँड रोल म्हणाले त्याची वळणं तिच्या बोटांत आधीच होती, 2018 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने तिला घेतलं तेव्हा बऱ्याच जणांनी नाव पहिल्यांदा ऐकलं. तिचं हे गाणं गिटारच्या सोलोशिवाय मला अपुरं वाटतं, कारण तिथे गिटार हाच तिसरा गायक आहे. ऱ्हिआननची आवृत्ती उत्साहाची आहे, टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, पण हे एकच गाणं असं आहे की ते संपल्यावर मी मूळ गाण्याकडे जाते आणि परत येत नाही.

शीर्षकगीताचा प्रवास लांबचा. मूळ शार्ल अझ्नावूरचं फ्रेंच गाणं, प्रेम दिवसासारखं उगवतं आणि मावळतं अशा आशयाचं. इंग्रजीत आल्यावर ते आपली पाळी यायची वाट बघणाऱ्या माणसाचं गाणं झालं आणि नीना सिमोनने 1965 मध्ये ते गायलं. नीना पण नॉर्थ कॅरोलिनाचीच, ट्रायन गावची, तिला शास्त्रीय पियानोवादक व्हायचं होतं, फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटने प्रवेश नाकारला, आणि आपल्या वर्णामुळे नाकारला हे तिने आयुष्यभर मनात ठेवलं. 2003 मध्ये ती जायच्या थोडेच दिवस आधी त्याच संस्थेने तिला मानद पदवी दिली. हे माहीत असताना 'उद्या माझी पाळी' हे शब्द तिच्या तोंडून ऐकणं जड जातं. ऱ्हिआनन तेच शब्द गाते तेव्हा मात्र तिची पाळी खरोखर येऊ घातलेली असते, पहिला सोलो अल्बम, तोही अशा यादीसह. तिने नीनाची धार घेतलेली नाही, सूर जास्त मोकळा आणि गोल ठेवलाय, आणि मला ते प्रामाणिक वाटतं. नीनाचा राग उसना आणला असता तर तो लगेच कळला असता.

आणि आता माझं सगळ्यात लाडकं, 'शेक शुगरी'. एलिझाबेथ कॉटन नॉर्थ कॅरोलिनाच्या कारबोरोची, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जन्मलेली. डावखुरी होती, उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरून वाजवायची, म्हणजे अंगठ्याने चाल आणि बोटांनी खर्ज, नेहमीच्या बरोबर उलट. लहानपणी वाजवलं, मग संसार, चर्च, घरकामं यात कित्येक वर्षं गिटार सुटली. पुढे लोकसंगीतातल्या सीगर कुटुंबाकडे घरकामाला होती, तिथे भिंतीवरची गिटार काढून वाजवली आणि घरातल्यांना कळलं की ही बाई कोण आहे. पहिला अल्बम साठीच्या पुढे आणि ग्रॅमी नव्वदीच्या घरात.

'शेक शुगरी'च्या ओळी तिच्या पणतवंडांनी मिळून रचल्या, आणि 1967 च्या अल्बमवर ते गायलंय तिच्या बारा वर्षांच्या पणतीने, ब्रेंडा एव्हन्सने, पणजी मागे गिटार वाजवते. गाण्यात काय, तर घड्याळ गहाण टाकलं, साखळी गहाण टाकली, घोडागाडी गहाण टाकली, माझ्या नावावर होतं ते सगळं गेलं. आणि मधेच एक गुपित, मी एका शेंगेत बसून स्वर्गात जाणार. पोरीला गहाण म्हणजे काय हे कितपत कळत असेल, ती सरळ गात जाते, थोडी लाजत, आणि गरिबीची ती यादी खेळातल्या गाण्यासारखी होऊन जाते. मोठ्या गायिकेने हे गायचं म्हणजे परीक्षा, कारण तिला सगळं कळतं. कळल्याचं दाखवलं तर गाणं कोसळणार, लहान मुलीसारखा आवाज काढला तर हास्यास्पद होणार. ऱ्हिआनन काय करते, तर ते झोपवायला गातात तसं गाते. माईकच्या अगदी जवळ, फेक नाही, हरकत नाही, ठेक्यावर जराशी मागे रेलून. कुठलीच वस्तू दुसरीपेक्षा महत्त्वाची होत नाही. घड्याळ आणि घोडागाडी एकाच वजनाने जातात. 'वॉटरबॉय' म्हणणारा गळा हाच का, असं वाटावं इतका फरक आहे, आणि कंठात एवढं असून न वापरणं ही तयारी किती मोठी आहे हे गाणाऱ्यांना विचारा.

डोंगराळ भागातली दोन गाणी आहेत. 'ब्लॅक इज द कलर' अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ॲपलाचिया डोंगरातलं पारंपरिक, नेहमी संथ, उसासे टाकत गायलं जातं, नीनाने पण तसंच गायलं. ही त्याला ठेक्यावर उचलते, पाय थिरकावेत अशी, आणि विरहाचं गाणं प्रेमात पडल्याच्या आनंदाचं होऊन जातं. काही जाणत्या लोकांना ते खपत नाही, मला खपतं, कारण शब्दांत खरं तर प्रियकराच्या केसांचं कौतुकच आहे, दुःख गाणाऱ्यांनी आणलंय. 'ओ लव्ह इज टीझिन' केंटकीच्या जीन रिचीकडून आलेलं, चौदा भावंडांतली धाकटी, घरात आईवडिलांकडून गाणी उचललेली. इथे ऱ्हिआनन पुन्हा संथ होते आणि आवाज पुन्हा सरळ. जीन रिची हा अल्बम निघाल्यानंतर काही महिन्यांतच गेली. 'राउंड अबाउट द माउंटन' हे स्पिरिच्युअल, म्हणजे कृष्णवर्णीयांचं जुनं धार्मिक गीत, या दोघांच्या मधे येतं आणि तिथे तिचं शास्त्रीय वळण सगळ्यात उघड दिसतं, ते ज्यांना आवडतं त्यांना फार आवडेल.

शेवटचं 'एंजल सिटी' तिचं स्वतःचं. अल्बमच्या आधी लॉस एंजेलिसमध्ये एल्व्हिस कॉस्टेलो, मार्कस ममफर्ड वगैरे मंडळींबरोबर ती बर्नेटच्याच एका प्रकल्पावर काम करत होती, बॉब डिलनच्या जुन्या न वापरलेल्या शब्दांना चाली लावायच्या, त्या दिवसांतलं हे गाणं. लहानसं आहे, मोठ्या बायकांच्या रांगेत नम्रपणे शेवटी बसलंय. क्रम मला बरोबर वाटतो, दहा जणींचं ऐकून झाल्यावर स्वतःचं एक.

बर्नेटबद्दल दोन शब्द. कव्हर अल्बम म्हणजे वेळ मारून न्यायचा प्रकार हा समज ज्यांचा आहे त्यांनी त्यानेच केलेला रॉबर्ट प्लांट आणि ॲलिसन क्राउसचा 'रेझिंग सँड' ऐकावा, तोही जवळजवळ पूर्ण दुसऱ्यांच्या गाण्यांचा आणि 2009 मध्ये ग्रॅमीचा सर्वोत्तम अल्बम ठरलेला. नॅन्सी ग्रिफिथने 1993 मध्ये केलेला 'अदर व्हॉइसेस, अदर रूम्स' पण याच जातीचा. इथे बर्नेटची छाप कुठे जाणवते, तर सगळ्या अकरा गाण्यांवर साथीचा रंग थोडा तपकिरी, थोडा उबदार, एकाच खोलीत वाजवल्यासारखा. त्यामुळे बाज बदलले तरी कान दचकत नाही. किंमत अशी की एखाद्या ठिकाणी फारच पॉलिश वाटतं, चॉकलेट ड्रॉप्सचा जो खरबरीतपणा होता, पायाने ठेका धरून समोर बसून वाजवल्याचा, तो इथे कमी झालाय. मला तो थोडा हवा होता.

आपल्याकडे एकच बंदिश दहा जण गातात आणि कोणी त्याला कव्हर म्हणत नाही, हे उदाहरण अशा चर्चेत हमखास येतं. ते अर्धंच लागू पडतं. बंदिशीत शब्द थोडे, गायक राग मांडतो, त्याला विस्ताराची मोकळीक आहे. इथे शब्दच गाणं आहे, गोष्ट आहे, तीन मिनिटं आहेत, आलाप-ताना नाहीत. म्हणजे गायिकेकडे मोकळी जागा फारच कमी, पट्टी, लय, शब्दाची फेक, श्वास आणि साथ, एवढ्यातच सगळं करायचं. म्हणून बारीक फरक इथे मोठे असतात आणि आपल्या सवयीच्या कानाला ते आधी सुटतात, यात तुमचं काही चुकलं नाही.

ऐकायचं कसं विचाराल तर माझी पद्धत अशी. आधी अख्खा अल्बम एका बैठकीत, क्रम न बदलता, शफल बंद. मग एक दिवस फक्त मूळ गाणी, एका दिवशी तीनपेक्षा जास्त नकोत, नाहीतर तुलना करत बसता आणि गाणं राहून जातं. वायली, कॉटन आणि ओडेटा या तिघींपासून सुरू करा. मूळ ऐकताना कोण चांगलं हा प्रश्न डोक्यात येईल, तो बाजूला ठेवून फक्त एवढं बघा की पट्टी वर गेली की खाली, लय वाढली की कमी झाली, आणि कुठला शब्द आधी ऐकू येत नव्हता तो आता ऐकू येतोय. 'शीज गॉट यू' मध्ये तो शब्द सापडला तर मला कळवा, माझा 'रेकॉर्ड्स' आहे, पॅट्सीच्या गाण्यात तो माझ्या कानावरून नुसता जायचा.

आणि हे पचलं की 2015 च्याच शेवटी आलेला 'फॅक्टरी गर्ल' हा ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा लहान रेकॉर्ड, घ्या, त्यात याच सत्रांतून उरलेली गाणी आहेत आणि तिचं नुसत्या तोंडी बोलांवर चालणारं गाणंही आहे, जीभ इतकी फिरते की ऐकणाऱ्याला धाप लागते. मग 2017 चा 'फ्रीडम हायवे', त्यात स्वतः लिहिलेली गाणी बरीच, गुलामगिरीच्या काळातल्या बायकांच्या तोंडची. आणि पूर्ण स्वतःच्या गाण्यांचा अल्बम पाहिजे असेल तर थेट 2023 चा 'यू आर द वन', ज्या वर्षी तिला मायकल एबल्सबरोबर लिहिलेल्या 'ओमार' या ऑपेरासाठी संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. या क्रमाने ऐकलंत तर तिच्या लिखाणात कॉटनचा साधेपणा कुठे उतरलाय आणि डॉलीचा कुठे, ते तुमचं तुम्हालाच सापडत जाईल.